‘स्कायलार्किंग’ नक्की कुठल्या सालचं? होरेस अँडीच्या सुरुवातीच्या गाण्यांचा माग

मोबाइलवर होरेस अँडी या जमैकन रेगे गायकाचं नाव टाकून ‘स्कायलार्किंग’ शोधा. एकच गाणं चार-पाच ठिकाणी निघेल. ‘स्कायलार्किंग’ याच नावाचे त्याचे दोन आल्बम आहेत, एक १९७२चा आणि एक १९९६चा. पहिला त्याचा पहिलावहिला आल्बम, दुसरा निवडक गाण्यांचा संग्रह. शिवाय सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याने हेच गाणं दुसऱ्या निर्मात्यासाठी नव्याने गायलं, तेही याच गर्दीत सापडतं. आवाज सगळीकडे तोच, उंच पट्टीतला, बारीक, सूर लांबवला की समईच्या वातीसारखा थरथरणारा. मग हे गाणं कोणत्या सालचं म्हणायचं?

रेगे म्हटलं की आपल्याकडे बॉब मार्लीवर गाडी थांबते, म्हणून आधी ओळख करून देतो. होरेस अँडीचा जन्म जमैकाच्या राजधानीतला, किंग्स्टनचा, १९ फेब्रुवारी १९५१. पहिली रेकॉर्ड सोळाव्या वर्षी. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडने त्याला आपल्या आल्बमांत गायला बोलावलं आणि जमैकाबाहेरच्या नव्या पिढीला तो माहीत झाला. त्यांचं ‘एंजल’ ऐकलं असेल तर हा आवाज तुमच्या कानावरून गेलेला आहे. पण त्याची सुरुवातीची पाच-सात वर्षं शोधायला बसलात की पहिल्या तासाभरातच डोकं धरायची वेळ येते. तारखा जुळत नाहीत, निर्मात्यांची नावं बदलतात, एकाच गाण्याची तीन रूपं समोर येतात. हा घोळ कुणाच्या आळसामुळे झालेला नाही. तो तिथल्या धंद्यातूनच आलेला आहे, आणि धंदा कळला की घोळही बऱ्यापैकी सुटतो.

लेबल खरवडणारे लोक

गणपतीत किंवा लग्नाच्या वरातीत डीजेची भिंत लागते, ती डोळ्यांसमोर आणा. पन्नासच्या दशकात किंग्स्टनमध्ये अशाच स्पीकरांच्या भिंती मोकळ्या अंगणांत लागायच्या. त्याला म्हणत साउंड सिस्टिम. आत शिरायला तिकीट, आत बिअर आणि रमची विक्री, आणि शेजारच्या गल्लीत प्रतिस्पर्ध्याची भिंत. दोन मोठी नावं म्हणजे क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड आणि ड्यूक रीड. रीड पूर्वी पोलिसांत होता, पुढे दारूचं दुकान चालवायचा. दोघंही अमेरिकेतून रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड आणून वाजवायचे. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेलं गाणं, त्याच्याकडे गर्दी.

म्हणून ही मंडळी रेकॉर्डवरचं लेबल खरवडून काढायची! गाणं कुणाचं, कुठल्या कंपनीचं, हे शेजारच्याला कळताच कामा नये. डॉडने विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक धून ‘कॉक्सन हॉप’ असं आपलंच नाव देऊन वाजवायला सुरुवात केली, आणि रीडला तिचं खरं नाव शोधून काढायला काही वर्षं लागली. ज्या धंद्याची सुरुवातच नाव लपवण्यापासून झाली, त्यातलं लेबल हे पहिल्या दिवसापासून अर्धवट साक्षीदार आहे. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

पुढे अमेरिकेतून येणारा मनाजोगता माल आटला, तेव्हा हेच लोक स्थानिक पोरांकडून गाणी गाऊन घेऊ लागले. तीही आधी विकण्यासाठी नव्हती, आपल्या अंगणात वाजवण्यासाठी होती. एक-दोन प्रती मऊ लेपाच्या तबकडीवर कापायच्या, रात्री भिंतीवर वाजवायच्या आणि लोक नाचतात का ते बघायचं. नाचले तर रेकॉर्ड छापायची. या तबकडीला डब प्लेट म्हणतात. गाणं स्टुडिओत गायलं कधी आणि दुकानात आलं कधी, यात त्यामुळे आठवडे जायचे, कधी महिने. गायकाच्या हातावर ठरावीक रक्कम टेकवली की व्यवहार संपला, करारबिरार काही नाही. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ साली आला. तोपर्यंत ब्रिटिशांचा १९११चा कायदाच चालू होता. रेकॉर्डवर गीतकार म्हणून निर्मात्याचंच नाव छापलेलं दिसलं तर दचकू नका, आणि त्यावर लगेच विश्वासही ठेवू नका.

हाइंड्सचा अँडी कसा झाला

होरेसचं खरं आडनाव हाइंड्स. १९६७ साली फिल प्रॅट या निर्मात्यासाठी त्याने ‘धिस इज अ ब्लॅक मॅन्स कंट्री’ गायलं. ते काही चाललं नाही. मग तो डॉडच्या दारात गेला, म्हणजे १३, ब्रेंटफर्ड रोड, स्टुडिओ वन. हा स्टुडिओ १९६३ साली सुरू झाला होता आणि रविवारी तिथे नव्या गायकांची चाचणी व्हायची. होरेस आधी एका मित्राबरोबर जोडीने गायला, तेव्हा दोघांना परत पाठवलं. काही दिवसांनी एकटाच गेला आणि निवडला गेला. तिथलं त्याचं पहिलं गाणं ‘समथिंग्ज ऑन माय माइंड’.

नाव बदललं ते इथे. होरेसचा चुलतभाऊ जस्टिन हाइंड्स हा आधीच नावाजलेला गायक होता, आणि तो गायचा कुणाकडे, तर ड्यूक रीडकडे! त्याचं ‘कॅरी गो ब्रिंग कम’ सगळ्या किंग्स्टनला पाठ होतं. आता डॉडने आपल्या नव्या गायकाला हाइंड्स या नावाने बाजारात आणायचं म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दुकानाची फुकट जाहिरात. शिवाय लोक दोघा भावांची तुलना करणार ते वेगळंच. डॉडकडे तेव्हा बॉब अँडी नावाचा गायक-गीतकार जोरात होता, म्हणून होरेसला ‘अँडी’ चिकटवलं. गंमत म्हणजे बॉब अँडी हेही खरं नाव नव्हे. त्याचं नाव कीथ अँडरसन. उसन्या नावावरून घेतलेलं उसनं नाव! त्यात स्टुडिओत बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या सवयीमुळे होरेसला ‘स्लीपी’ हे टोपणनावही पडलं.

शोध घेणाऱ्याला याचा उपयोग असा, की नुसत्या ‘होरेस अँडी’ या नावाने शोधत बसलात तर त्याआधीचा गायक हातातून निसटतो. जमैकातल्या कुठल्याही जुन्या गायकाच्या बाबतीत आधी नावांचीच यादी करायची. खरं नाव, लेबलवरचं नाव, टोपणनाव, चुकीच्या स्पेलिंगची नावं, आणि ज्या जोडीत किंवा त्रिकुटात तो गायला त्यांची नावं. बॉब मार्लीसुद्धा १९६२ साली एका रेकॉर्डवर ‘बॉबी मार्टेल’ होता.

आता ‘पदार्पण कधी?’ या प्रश्नाला दोन उत्तरं झाली. रेकॉर्डवर आवाज पहिल्यांदा उमटला १९६७ साली, आणि होरेस अँडी नावाचा गायक जन्माला आला त्यानंतर काही वर्षांनी, स्टुडिओ वनमध्ये. दोन्ही खरी आहेत. कुठल्या उत्तराबद्दल बोलतोय ते सांगितलं की निम्मे वाद मिटतात.

आल्बमची तारीख ही गाण्याची तारीख नव्हे

१९७२चा ‘स्कायलार्किंग’ आल्बम एका बैठकीत झालेला नाही. त्या काळात जमैकात सुट्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड निघायच्या आणि पुरेशी गाणी साठली की त्यांची मोठी रेकॉर्ड व्हायची, आपल्याकडे दिवाळी अंकांत येऊन गेलेल्या कथांचा पुढे संग्रह निघतो तशी. ‘स्कायलार्किंग’ हे गाणंसुद्धा आधी डॉडच्या एका मिश्र संग्रहात आलं, मग त्याची सुटी रेकॉर्ड गाजली, मग आल्बम.

अशा आल्बममधली गाणी काळानुसार लावायची तर एक युक्ती आहे, आणि माझी ती सगळ्यात आवडती आहे. उसनी गाणी शोधायची. या आल्बममध्ये ‘व्हेअर डू द चिल्ड्रन प्ले’ आहे. ते मूळ कॅट स्टीव्हन्सचं, त्याच्या नोव्हेंबर १९७०मध्ये आलेल्या आल्बममधलं. म्हणजे होरेसने ते त्याआधी गायलेलं असू शकत नाही. याच आल्बमवरचं ‘मॅमी ब्लू’ हे मूळ युरोपातलं, १९७१ साली जगभर गाजलेलं. झालं! दोन गाण्यांना अलीकडची हद्द मिळाली आणि पलीकडची हद्द आल्बमने दिली, १९७२. किंग्स्टनच्या गायकाची तारीख लंडन-पॅरिसच्या रेकॉर्डवरून ठरते, हे आधी विचित्र वाटतं. पण तिथली पोरं रेडिओवर अमेरिकेची-इंग्लंडची गाणी ऐकूनच मोठी झाली होती आणि जे गाजेल ते लगेच आपल्या ठेक्यात गायची.

कान लावा, पण गायकाकडे नको

आता जरा अवघड भाग. गायकाचा आवाज चार-पाच वर्षांत फारसा बदलत नाही, त्यामुळे आवाजावरून साल सांगणं कठीण. मागे काय वाजतंय त्यावरून मात्र बरंच कळतं.

जमैकन संगीताचा कणा म्हणजे ‘रिडिम’. बेस, ड्रम, गिटार आणि ऑर्गन यांची, गायकाविना मुद्रित केलेली साथ. आपल्याकडे भजनी मंडळं सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर अभंग बसवतात. रिडिमचा प्रकार त्याच्या जवळचा असला तरी एक मोठा फरक आहे. भजनात चाल तीच असते पण पेटी-पखवाज दरवेळी नव्याने वाजतात. रिडिमच्या बाबतीत टेपच तीच! एका ट्रॅकवर वाद्यं आणि दुसऱ्यावर आवाज असं मुद्रण सुरू झालं, आणि निर्मात्यांच्या ध्यानात आलं की आवाज पुसून त्याच वाद्यांवर दुसरा गायक उभा करता येतो. वादकांना पैसे एकदाच द्यायचे, गाणी दहा काढायची. डॉडने साठच्या दशकात करून ठेवलेल्या रिडिमांवर सत्तरच्या दशकाच्या शेवटी नवे गायक गायले, आणि कधी कधी जुन्या टेपवर नवे ड्रमही चढवले गेले. अशा गाण्यात साथ एका सालची आणि आवाज दहा वर्षांनंतरचा असतो. तिथे ‘हे गाणं कोणत्या सालचं’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. साथ कधीची आणि आवाज कधीचा, असे दोन प्रश्न करावे लागतात.

‘स्कायलार्किंग’वर हे करून बघू. स्टुडिओ वनच्या रूपात बेस पुढे आहे, गोल आणि जड. ड्रम त्यामागे. सगळं एकाच खोलीत वाजतंय असं जाणवतं आणि गाणं घाई करत नाही. डॉडच्या स्टुडिओतल्या नेहमीच्या वादकांचा हा थाट आहे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचं रूप बनी ली या निर्मात्याकडचं. बनी लीचा स्वतःचा स्टुडिओ नव्हता. तो आज या स्टुडिओत तर उद्या त्या स्टुडिओत वेळ विकत घेऊन अ‍ॅग्रोव्हेटर्स या नावाने जमवलेल्या वादकांकडून रिडिम वाजवून घ्यायचा, आणि आवाज चढवायला टेप घेऊन किंग टबीच्या घरी जायचा. टबी मुळात इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर, वॉटरहाउस वस्तीत ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यूवर राहणारा. घरातल्या छोट्याशा खोलीतच त्याचा सगळा कारभार. याच चमूने १९७४च्या सुमाराला एक ठेका लोकप्रिय केला, ‘फ्लाइंग सिंबल्स’. ड्रमच्या दोन झांजा एकमेकींवर मिटलेल्या असतात, त्या दर ऑफबीटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधोमध, क्षणभर उघडायच्या. ‘त्स्स’ असा आवाज येतो, कुकरची शिटी पुरती व्हायच्या आधी नुसती वाफ सुटते तसा. जॉनी क्लार्कच्या ‘नन शॅल एस्केप द जजमेंट’ने १९७४ साली हा ठेका गाजवला आणि पुढची दोनेक वर्षं जो तो तोच वाजवत होता.

म्हणून बनी लीच्या नावाच्या गाण्यात ही ‘त्स्स’ सतत ऐकू आली की वहीत पेन्सिलने १९७४-७६ लिहायचं. शाईने नको, कारण फॅशन संपल्यावरही ती वाजवणारे असतातच.

गुळगुळीत पट्टीवरचं हस्ताक्षर

लेबलवर भरवसा नाही म्हटल्यावर रेकॉर्डचा दुसरा भाग कामाला येतो. शेवटची खाच संपते तिथून लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की त्या पट्टीवर टोकदार सुईने कोरलेली अक्षरं आणि आकडे दिसतात. हा मॅट्रिक्स क्रमांक. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना तो नवा नाही. छपाईचा साचा बनवताना कारखान्यातला माणूस तो कोरतो, आणि जमैकात त्यात पुष्कळदा निर्मात्याची आद्याक्षरं असतात. कोरणाऱ्याला कुणाला फसवायचं नसतं. त्याला फक्त साचे एकमेकांत मिसळू द्यायचे नसतात, म्हणून त्याची साक्ष जास्त वजनाची. एकाच निर्मात्याचे क्रमांक ओळीने लावले आणि मधल्या एक-दोन रेकॉर्डची तारीख वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून सापडली, की आजूबाजूच्या तारखांचा अंदाज बांधता येतो.

एक मेख आहे. स्टुडिओ वनची जुनी गाणी पुढे वर्षानुवर्षं पुन्हा छापली जात राहिली, त्याच क्रमांकाने. डॉडने ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही दुकान मांडलं होतं. क्रमांक सांगतो तो साचा कोणता, तुमच्या हातातली प्रत कधी छापली ते नाही. त्यासाठी लेबलचा कागद, रंग आणि छापलेला पत्ता बघावा लागतो. प्रत लिलावात मोठ्या किमतीला घेणार असाल तर हे आधी बघा.

इंग्लंडच्या छपाया हा निराळाच अध्याय. जमैकन निर्माते लंडनच्या कंपन्यांना गाणी द्यायचे, कधी एकच गाणं दोघांना. होरेसचा बनी लीकडचा ‘यू आर माय एंजल’ हा आल्बम १९७३ साली ट्रोजन या कंपनीने लंडनहून काढला. हे ट्रोजन चालवणारा ली गॉप्थल जमैकात जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस होता आणि पेशाने अकाउंटंट. इंग्लंडात रेगे घरोघरी पोचवणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही.

साल विचारू नका, पैसे विचारा

राहिला प्रत्यक्ष माणूस. ज्येष्ठ गायकाला भेटायचा योग आला तर पहिला प्रश्न ‘हे गाणं कोणत्या साली गायलात?’ हा नको. पन्नास वर्षांपूर्वीचं साल कुणालाच धड आठवत नाही, आणि समोरचा अपेक्षेने बघतोय म्हटल्यावर माणूस कुठलंतरी सांगून मोकळा होतो. ते मग छापलं जातं आणि पुढची तीस वर्षं एकमेकांकडून उतरवलं जातं.

त्यापेक्षा आजूबाजूचं विचारायचं. इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी जमैकात आला, तेव्हा तुम्ही रेकॉर्ड केली होती का? तो दिवस २१ एप्रिल १९६६, किंग्स्टनमधला कुणी तो विसरत नाही. मायकल मॅन्ली पंतप्रधान म्हणून निवडून आला तेव्हा कुणाकडे गात होता? ते फेब्रुवारी १९७२. स्टुडिओत बेस कोण वाजवत होतं? आणि माझा लाडका प्रश्न, हातावर किती टेकवले? पौंड म्हणाले की डॉलर? जमैकात ८ सप्टेंबर १९६९ला पौंड-शिलिंग जाऊन डॉलर-सेंट आले. पैशाचं एकक आठवलं की गाणं त्या तारखेच्या अलीकडचं की पलीकडचं ते कळतं. अर्थात पंचवीस पैशांना ‘चार आणे’ म्हणायची आपली सवय १९५७नंतर कितीतरी वर्षं गेली नव्हती, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही जुना पौंड राहिला असणारच. म्हणून हा पुरावा एकटा धरायचा नाही, बाकीच्यांच्या पंगतीला बसवायचा.

आता पुन्हा ‘स्कायलार्किंग’कडे या. या शब्दाचा अर्थ उनाडक्या करणं. रस्त्यावर रिकामं भटकणाऱ्या पोरांवरचं गाणं आहे, आणि ती पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे हात पसरतात. मागतात काय? पाच सेंट, दहा सेंट. पेनी नाही, शिलिंग नाही. नव्या नाण्यांच्या पहिल्या काही वर्षांतला किंग्स्टनचा रस्ता त्या एका ओळीत आहे, आणि लेबलवर काहीही छापलेलं असो, ही ओळ कुणाला खरवडता आलेली नाही.

हे सगळं जमलं तरी होरेस अँडी शोधणाऱ्याला निवांत बसू देत नाही, कारण तो स्वतःच आपली जुनी गाणी पुन्हा पुन्हा गातो. ‘यू आर माय एंजल’मधूनच १९९८ साली मॅसिव्ह अटॅकचं ‘एंजल’ उभं राहिलं. न्यूयॉर्कच्या वॅकीज या छोट्या लेबलसाठी १९८२ साली गायलेलं ‘स्पाइंग ग्लास’ त्याने १९९४ साली मॅसिव्ह अटॅकबरोबर पुन्हा गायलं. आणि २०२२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, एड्रियन शेरवुड या इंग्लिश निर्मात्याबरोबरच्या ‘मिडनाइट रॉकर’ या आल्बममध्ये ‘मिस्टर बॅसी’ घेतलं, जे तो विशीत स्टुडिओ वनमध्ये गायला होता. दोन्ही ‘मिस्टर बॅसी’ लागोपाठ लावून बघा. साल न बघता, फक्त मागचा बेस ऐकत.